टर्किश टॉवेल राठ का होतो? : वाचकांचे प्रश्न

या वेळच्या सदरासाठी निवडलेले सर्व प्रश्न टर्किश टॉवेल आणि त्याच विणीच्या इतर लवदार कापडांविषयी आहेत. मूळ तक्रार जवळपास सर्वांची एकच आहे : कापड घेतले तेव्हा मऊ होते, काही महिन्यांच्या धुण्यात ते राठ झाले. उत्तरे देताना मी उपायांइतकीच कारणेही सविस्तर लिहिली आहेत, कारण प्रत्येकाच्या घरचे पाणी, धुण्याची पद्धत आणि वाळवण्याची सोय निराळी असते, आणि कारण ठाऊक असले की आपल्याला लागू पडणारा उपाय आपला आपणच निवडता येतो.

प्रश्न : टॉवेल हाताने धुऊन, तीन पाण्यांतून खळबळून दोरीवर वाळत घातला की तो पुठ्ठ्यासारखा ताठ होतो. त्याच साबणाने धुतलेली, त्याच दोरीवर वाळलेली सुती चादर मात्र इतकी कडक होत नाही. साबण राहिला असेल असेही वाटत नाही. मग टॉवेलच का ताठतो?

उत्तर : आपले निरीक्षण अचूक आहे आणि या फरकाचे कारण टॉवेलच्या विणीत आहे. चादरीच्या कापडात उभ्या धाग्यांचा एकच संच, म्हणजे एकच ताणा असतो आणि त्यातून बाण्याचा आडवा धागा खालीवर जातो. टर्किश टॉवेलच्या मागावर ताण्याचे दोन संच लावलेले असतात. एक संच घट्ट ताणलेला असतो व तो कापडाला बळकटी देतो. दुसरा सैल सोडलेला असतो. नेहमीच्या पद्धतीत बाण्याचे दोन धागे फणीने पुरते न ठोकता थोडे अलीकडेच थांबवतात आणि तिसरा धागा पडला की तिन्ही एकदम पुढे ठोकतात. त्या वेळी घट्ट ताणा जागच्या जागी राहतो, पण सैल ताणा बाण्याबरोबर पुढे ढकलला जातो आणि त्याची कडी कापडाच्या पृष्ठभागावर उभी राहते. ही कडी म्हणजे लूप, आणि अशा असंख्य लुपांची मिळून टॉवेलची लव होते. या कापडाच्या नावातील ‘टर्किश’ हा शब्द तुर्कस्तानातील बुर्सा शहराच्या परिसरात हातमागावर विणल्या जाणाऱ्या अशाच लवदार कापडाची आठवण ठेवणारा आहे. ते पाहून आलेल्या हेन्री क्रिस्टी या इंग्रज गृहस्थांच्या प्रयत्नांतून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ते यंत्रावर विणले जाऊ लागले आणि १८५१ साली लंडनच्या भव्य औद्योगिक प्रदर्शनात मांडले गेले.

टॉवेलचा मऊपणा या लुपांच्या मोकळेपणावर अवलंबून असतो. लुपाचा धागा मुद्दाम कमी पिळाचा घेतलेला असतो, म्हणजे त्यातील तंतू सैलसर राहतात, पाणी चटकन शोषतात आणि त्वचेचा स्पर्श होताच प्रत्येक लूप स्वतंत्रपणे वाकतो. टॉवेल भिजला की हेच लूप पाण्याच्या वजनाने आडवे पडतात, एकमेकांना चिकटतात आणि पिळताना आणखी दाबले जातात. तशाच अवस्थेत तो हलवल्याशिवाय वाळला तर लूप ज्या स्थितीत पडले त्याच स्थितीत धरले जातात. चादरीत आडवे पडायला लूपच नसतात, म्हणून तिच्यात हा फरक तितका जाणवत नाही.

लूप एकमेकांना धरतात ते कशाने, या प्रश्नाकडे जपानमधील होक्काइदो विद्यापीठ आणि काओ या कंपनीच्या संशोधकांनी बारकाईने पाहिले आणि २०२० साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. कापूस आपल्याला कोरडा वाटतो तेव्हाही तो पूर्ण कोरडा नसतो. साधारण दमट हवेत त्याच्या वजनाच्या सात-आठ टक्के इतके पाणी त्यात असतेच. तंतूच्या पृष्ठभागाला घट्ट बिलगून राहिलेले हे पाणी मोकळ्या पाण्यासारखे वागत नाही. ते शेजारशेजारच्या तंतूंना जोडणाऱ्या पुलासारखे काम करते आणि असे लक्षावधी पूल मिळून कापडाला ताठरपणा आणतात. तेव्हा साबणाचा कण न राहताही टॉवेल ताठू शकतो. हे पूल फार बळकट नसतात. ताठलेला टॉवेल दोन्ही हातांत धरून थोडा वेळ चोळला की तो नरम पडतो, हा अनुभव सर्वांनाच असतो. चोळण्याने हे पूलच तुटलेले असतात.

उपाय यातूनच निघतो. पिळून किंवा यंत्रातून काढलेला टॉवेल तसाच दोरीवर टाकू नये. त्याची दोन टोके धरून तो आठ-दहा वेळा जोरात झटकावा, मग टोके बदलून पुन्हा तितक्याच वेळा झटकावा. दबलेले लूप याने उभे राहतात. दोरीवर तो दुमडून, दोन्ही बाजू एकमेकींना चिकटतील असा घालू नये. काठाकडून चिमटे लावून पूर्ण पसरावा आणि वारा खेळेल अशा जागी घालावा, कारण वाऱ्याने कापड सतत हलत राहते आणि लुपांना चिकटून बसायला उसंत मिळत नाही. अर्धवट सुकल्यावर एकदा काढून पुन्हा झटकावा व बाजू पालटून घालावा. ही मधली झटकणी बहुतेक जण वगळतात, पण माझ्या अनुभवात सर्वांत जास्त फरक तिनेच पडतो. मी स्वतः एका जुन्या टॉवेलचे दोन तुकडे करून एकाच पाण्यात धुतले, एक तसाच वाळवला आणि दुसरा सुरुवातीला व अर्धा वाळल्यावर झटकला. संध्याकाळी दोन्ही हातांत घेतल्यावर ते एकाच टॉवेलचे तुकडे आहेत यावर विश्वास बसू नये इतका फरक होता.

दुपारच्या रखरखीत उन्हात, वारा पडलेला असताना तासन्‌तास टॉवेल वाळवणे शक्य असल्यास टाळावे. उन्हाचे इतर फायदे आहेत, पण वाळून गेल्यानंतरही तो उन्हातच राहिला तर रंग विटतो आणि अतिनील किरणांनी कापसाचे तंतू हळूहळू कमकुवत होतात. सकाळचे ऊन आणि वारा, किंवा वाऱ्याची सावली, टॉवेलला अधिक मानवते. वाळताच तो काढून घ्यावा, एकदा झटकावा आणि मगच घडी घालावी.

प्रश्न : आमच्याकडे बोअरचे पाणी आहे. नळाच्या तोंडाशी आणि बादलीच्या आत पांढरा थर साचतो. टॉवेल राठ होऊ लागले म्हणून मी धुण्याची पावडर वाढवली, तर ते आणखी राठ आणि करडे दिसू लागले. काय चुकते आहे?

उत्तर : आपल्या पत्रातील पांढऱ्या थराच्या उल्लेखाने अर्धे निदान झालेच आहे. आपले पाणी जड आहे, म्हणजे त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले आहेत. एक लिटर पाण्यात कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने १२० मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्षार असले की ते पाणी जड आणि १८० च्या पुढे गेले की अतिजड मानले जाते. नळाशी साचणारा हा थर टॉवेलच्या लुपांमध्येही साचतो. फरक इतकाच की नळावर तो दिसतो, आणि कापडात तो तंतूंच्या मधोमध बसल्यामुळे फक्त हाताला जाणवतो.

हा थर दोन वाटांनी बसतो. साधा साबण जड पाण्यात गेला की त्यातील मेदाम्लांची कॅल्शियमशी अभिक्रिया होऊन पाण्यात न विरघळणारी चिकट, करडी साय तयार होते. तिच्यामुळे फेस होत नाही, फेस होत नाही म्हणून आपण आणखी साबण घालतो आणि साय आणखी वाढते. आजच्या डिटर्जंटचा धुणारा घटक याबाबतीत पुष्कळ बरा असतो, पण अनेक पावडरींमध्ये धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट, भरपूर प्रमाणात असतो. तो पाण्यातील कॅल्शियमला बाजूला करतो खरा, पण कॅल्शियम कार्बोनेटच्या, म्हणजे चुनखडीच्याच, बारीक कणांच्या रूपाने. हे कण खळबळून निघून गेले तर ठीक, पण लवदार कापड त्यांना गाळणीसारखे धरून ठेवते. म्हणून पावडर वाढवल्यावर आपले टॉवेल अधिक राठ झाले. धुण्याच्या वडीने टॉवेल घासणे याहून त्रासाचे ठरते. कित्येक वड्यांमध्ये सोड्याबरोबर भर म्हणून खनिजांची भुकटी मिसळलेली असते आणि वडी घासताना ती थेट लुपांच्या मुळाशी दाबली जाते. टर्किश टॉवेलला वडी लावू नये आणि ब्रशने घासू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

पाणी कितपत जड आहे याचा अंदाज घरीच घेता येतो. झाकणाच्या स्वच्छ बाटलीत अर्धी बाटली पाणी घ्यावे, त्यात साध्या साबणाचा किसलेला बारीक तुकडा टाकावा आणि जोरात हलवावे. हलक्या पाण्यावर उंच, टिकणारा फेस येतो आणि खालचे पाणी बऱ्यापैकी नितळ दिसते. जड पाणी दुधाळ होते आणि वर पातळ, गोळ्यागोळ्यांची साय तरंगते. या चाचणीसाठी डिटर्जंट वापरू नये, कारण ते जड पाण्यातही फेसाळते.

आता उपाय. आजवर बसलेला थर काढण्यासाठी आम्ल लागते, कारण चुनखडीचा थर आम्लात विरघळतो. सायट्रिक आम्ल, म्हणजे बाजारात मिळणारे लिंबूसत्त्व, या कामी सर्वांत सोयीचे. त्याला वास नसतो आणि ते मोजून घेता येते. दहा लिटर कोमट पाण्यात तीन लहान चमचे, म्हणजे सुमारे १५ ग्रॅम, लिंबूसत्त्व पूर्ण विरघळवून धुतलेले ओले टॉवेल त्यात अर्धा तास भिजवावेत, मधूनमधून हलवावेत आणि मग दोनदा स्वच्छ पाण्यातून काढावेत. यातील काही आम्ल तुमच्या पाण्यातील क्षारच खाऊन टाकतात, म्हणून पहिल्या वेळी फरक थोडा वाटला तर पुढच्या धुण्याला पुन्हा हेच करावे. त्यानंतर नेहमीच्या धुण्यात शेवटच्या पाण्यात बादलीमागे एक लहान चमचा पुरेसा होतो. पांढरे व्हिनेगरही चालते, शेवटच्या पाण्यात अर्धा कप. मात्र यंत्रात प्रत्येक धुण्याला ते घालण्याची सवय लावू नये, कारण आम्लाच्या सततच्या संपर्काने यंत्रातील रबरी भाग लवकर खराब होऊ शकतात.

येथे एक इशारा अत्यंत गंभीरपणे देतो. लिंबूसत्त्व किंवा व्हिनेगर क्लोरीनयुक्त ब्लीचबरोबर कधीही, एका बादलीत किंवा यंत्राच्या एकाच फेरीत, वापरू नये. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो आणि तो श्वसनमार्गास घातक असतो. खरे तर क्लोरीनयुक्त ब्लीच टॉवेलसाठी टाळलेलेच बरे, कारण ते कापसाचे तंतूही झिजवते.

पावडरीचे प्रमाण तुम्ही आता पूर्वीइतकेच करा आणि शक्य असेल तर द्रव डिटर्जंट वापरून पाहा, त्यात सहसा धुण्याचा सोडा फारसा नसतो. डिटर्जंट कापडात राहते आहे का, हे पाहण्याची रीत सोपी आहे. धुऊन वाळलेला टॉवेल काहीही न घालता गरम पाण्यात बुडवून हलवावा. पाणी फेसाळले तर मागच्या धुण्यातील डिटर्जंट अजून आत आहे. पावडर जास्त आणि पाणी कमी, किंवा यंत्रात टॉवेल ठासून भरणे, यांपैकी एक कारण हमखास सापडते. टॉवेल पाणी पिऊन फुगतात, म्हणून यंत्राचे पिंप कोरड्या टॉवेलांनी दोन तृतीयांशाहून अधिक भरू नये. वर हात सहज फिरेल इतकी जागा राहिली पाहिजे.

प्रश्न : फॅब्रिक सॉफ्टनर वापरल्यापासून टॉवेल हाताला अगदी मऊ लागतात, पण अंग पुसले तरी पाणी टिपले जात नाही, ते नुसते अंगावर पसरते. सॉफ्टनर वाईट प्रतीचा असेल का?

उत्तर : सॉफ्टनर त्याचे काम नीट करतो आहे आणि तेच तुमच्या अडचणीचे कारण आहे. त्यातील मुख्य घटकाच्या रेणूला धनभारित डोके आणि मेदाच्या लांब शेपट्या असतात. पाण्यात कापसाच्या तंतूवर किंचित ऋणभार असतो, म्हणून रेणूचे डोके तंतूला चिकटते आणि शेपट्या बाहेर राहतात. तंतूभोवती अशा शेपट्यांचे पातळ अस्तर बसले की तंतू एकमेकांवरून सहज सरकतात, वर सांगितलेले पाण्याचे पूल जुळत नाहीत आणि कापड मऊ लागते. पण मेदाचे अस्तर पाण्याला जवळ येऊ देत नाही. शर्ट किंवा चादरीच्या बाबतीत याने फारसे बिघडत नाही. टॉवेलचे मात्र कामच पाणी शोषण्याचे आहे. जो टॉवेल पाणी टिपत नाही तो कितीही मऊ असला तरी मी त्याला चांगला टॉवेल म्हणणार नाही, आणि मऊपणासाठी शोषकतेचा बळी देण्याची गरजही नसते, कारण स्वच्छ आणि मोकळे लूप मऊही असतात आणि पाणीही पितात.

आपल्या टॉवेलवर अस्तर किती बसले आहे ते पाहायचे असेल तर तो सपाट पसरून त्यावर वरून पाण्याचा एक थेंब सोडावा. चांगल्या टॉवेलमध्ये थेंब पाहता पाहता आत जिरतो. तो मण्यासारखा वर बसून राहिला तर अस्तर जाड आहे. ते काढण्यासाठी सॉफ्टनर पूर्ण बंद करून टॉवेल तीन-चार वेळा ६० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात नेहमीच्या डिटर्जंटने धुवावेत व शेवटचे पाणी एकदा जास्त द्यावे. रंगीत टॉवेलवरील सूचनापट्टीत याहून कमी तापमान दिले असेल तर ते पाळावे आणि धुण्याची संख्या वाढवावी. दरम्यानच्या काळात टॉवेल आधीपेक्षा राठ वाटतील. त्याने विचलित न होता झटकून वाळवण्याची पद्धत सुरू ठेवावी.

ज्यांना सॉफ्टनर सोडवतच नाही त्यांनी तो चार-पाच धुण्यांनंतर एकदा, बाटलीवर दिलेल्या प्रमाणाच्या निम्मा आणि फक्त शेवटच्या पाण्यात घालावा. डिटर्जंटबरोबर घातल्यास विरुद्ध भाराचे दोन्ही घटक एकमेकांना निकामी करतात आणि त्यांचा चिकट गाळ कापडावर बसतो. आणखी एक गोष्ट सुरक्षिततेची : लवदार सुती कापड मुळातच लवकर पेट घेते व सॉफ्टनरचे अस्तर ही शक्यता वाढवते, म्हणून स्वयंपाकघरात वापरायच्या टॉवेलला आणि लहान मुलांच्या टर्किश झग्यांना तो अजिबात लावू नये.

प्रश्न : धुतलेला टॉवेल वाळल्यावर चांगला वाटतो, पण अंग पुसताना ओला झाला की लगेच कुबट वास येतो. सुवासिक डिटर्जंटनेही तो जात नाही.

उत्तर : हा वास धुण्यातून वाचलेल्या जिवाणूंचा असतो. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका जपानी संशोधनात कपड्यांच्या या विशिष्ट कुबट वासामागे मोराक्सेला ऑस्लोएन्सिस हा जिवाणू प्रामुख्याने असल्याचे दाखवण्यात आले. तो कोरडेपणा आणि अतिनील किरण बऱ्यापैकी सहन करतो, म्हणून उन्हात वाळूनही पुरता मरत नाही, आणि ओलावा मिळताच कापडात राहिलेल्या घामावर व तेलकटपणावर वाढून वास सोडतो. वाळल्यावर वास नाही आणि ओला झाल्यावर आहे, हे आपले वर्णन याच्याशी तंतोतंत जुळते. सुवासिक डिटर्जंट तो वास काही काळ झाकते, जिवाणूंना हात लावत नाही.

यावर उष्णता आणि ऑक्सिजन ब्लीच हे दोन उपाय खात्रीचे आहेत. सोडियम परकार्बोनेट असलेले ऑक्सिजन ब्लीच गरम पाण्यात विरघळवून, ६० अंशांच्या पाण्यात टॉवेल तासभर भिजवावेत व मग नेहमीप्रमाणे धुवावेत. थंड पाण्यात हे ब्लीच फारच संथ काम करते. त्यानंतर वास परत येऊ नये यासाठी टॉवेल ओला राहण्याचा काळ कमी करणे एवढेच करायचे असते. वापरलेला टॉवेल खुंटीला गुंडाळून न टांगता दांडीवर पसरावा, तीन-चार वापरांनंतर धुवावा, धुणे संपताच यंत्रातून बाहेर काढावा आणि वाळायला पाच-सहा तासांहून जास्त वेळ लागत असेल तर जागा बदलावी किंवा पंख्याखाली घालावा. यंत्राच्या दाराच्या रबराच्या घडीत साचलेला काळपट थरही पुसून काढावा, नाहीतर स्वच्छ टॉवेलला तेथूनच पुन्हा लागण होते.

नवे टॉवेल घेताना वजनाचाही विचार करावा. टॉवेलची जाडी दर चौरस मीटरला किती ग्रॅम यावर मोजतात. ३०० ते ४०० ग्रॅमचा टॉवेल हलका, ४०० ते ६०० चा मध्यम आणि त्यापुढचा जाड मानला जातो. दुकानात जाड टॉवेलचा मोह सर्वांनाच होतो, पण दमट हवेत तो वाळता वाळत नाही. जेथे वाऱ्याची सोय कमी आहे तेथे मी ४५० ग्रॅमच्या आसपासचाच टॉवेल सुचवेन.

प्रश्न : नवा टॉवेल वापरण्यापूर्वी मिठाच्या पाण्यात भिजवावा, म्हणजे रंग पक्का होतो, असे मला सांगण्यात आले. हे खरे आहे का? नव्या टॉवेलचे सूत अंगाला चिकटते, त्यासाठी काय करावे?

उत्तर : मिठाचा संबंध रंगाशी आहे, पण तो कारखान्यातील रंगाईच्या वेळी. त्या वेळी मीठ रंगाला पाण्यातून तंतूकडे ढकलायला मदत करते. रंगाई संपल्यावर तंतूशी न जुळलेला जो रंग कापडात सुटा राहतो तो घरच्या मिठाच्या पाण्याने पक्का होत नाही. तो धुऊन काढून टाकणे हाच मार्ग असतो. गडद रंगाचे टॉवेल पहिल्या दोन-तीन वेळा वेगळे धुवावेत आणि पाणी नितळ निघू लागले की इतर टॉवेलांत मिसळावेत.

सूत सुटते ते विणताना व कापताना लवेत अडकून राहिलेल्या आखूड तंतूंचे. पहिल्या काही धुण्यांत ते निघून जातात. वापरण्यापूर्वी टॉवेल एकदा अवश्य धुवावा, कारण कारखान्यात स्पर्श गुळगुळीत व्हावा म्हणून त्यावर सिलिकॉन किंवा तत्सम लेप दिलेला असतो आणि त्यामुळे अगदी नवा टॉवेल पाणी नीट टिपत नाही. काही महिन्यांनंतरही सूत भरपूर निघत राहिले तर मात्र ते नव्या टॉवेलचे सूत नसून झिजणाऱ्या तंतूंचे असते, आणि त्याचे कारण बहुधा ड्रायरमध्ये सापडते. ड्रायर टॉवेलसाठी चांगला असतो, त्याच्या उलथापालथीने लूप सुंदर उभे राहतात. पण कापड पूर्ण सुकल्यावरही ते गरम हवेत फिरत राहिले तर तंतू ठिसूळ होऊन तुटतात. किंचित दमट असतानाच टॉवेल बाहेर काढावा व उरलेला ओलावा हवेवर जाऊ द्यावा. ज्यांच्याकडे ड्रायर आहे पण वीज वाचवायची आहे त्यांनी टॉवेल दोरीवर वाळवून शेवटची दहा मिनिटे ड्रायरमध्ये फिरवला तरी मऊपणा जवळजवळ तितकाच मिळतो.

प्रश्न : बाळाचे टर्किश लंगोट राठ होऊ नयेत यासाठी कोणती काळजी घ्यावी?

उत्तर : येथे सॉफ्टनर पूर्णपणे वर्ज्य समजावा, कारण लंगोटाची शोषकता गेली तर त्याचा उपयोगच राहत नाही. डिटर्जंट बिनवासाचे व मोजके घ्यावे, ६० अंशांच्या पाण्यात धुवावे आणि स्वच्छ पाण्याची एक फेरी नेहमीपेक्षा जास्त द्यावी. राहिलेल्या डिटर्जंटमुळे कापड राठ होते आणि बाळाच्या नाजूक त्वचेला पुरळही येऊ शकते. वाळल्यावर प्रत्येक लंगोट दोन्ही हातांत चोळून मगच घडी करून ठेवावा.

प्रश्न : टॉवेलला इस्त्री करावी का? आणि एखादा लूप ओढला जाऊन लांब दोरा बाहेर आला तर काय करावे?

उत्तर : इस्त्री करू नये. उष्णता आणि दाब यांनी लूप चपटे होऊन तसेच बसतात व आतापर्यंत सांगितलेली सारी मेहनत वाया जाते. घडी नीट बसावी असे वाटत असेल तर काठाच्या सपाट पट्टीवरून, जेथे लूप नसतात तेथून, इस्त्री फिरवण्यास हरकत नाही.

लूप ओढले जातात ते बहुधा साखळ्या, हूक किंवा खरखरीत चिकटपट्ट्या असलेल्या कपड्यांबरोबर टॉवेल धुतल्यामुळे, म्हणून टॉवेल शक्यतो वेगळेच धुवावेत. बाहेर आलेला दोरा हाताने ओढून तोडू नये, कारण तो एकाच उभ्या धाग्याचा भाग असतो आणि ओढला की त्या ओळीतील पुढचेमागचे लूपही सपाट होत जातात. धारदार कात्रीने तो लवेच्या उंचीला कापून टाकावा. विणलेल्या टॉवेलमध्ये बाण्याचे धागे त्या दोऱ्याला मुळाशी घट्ट धरून असतात, त्यामुळे कापलेल्या जागेपासून कापड उसवत नाही.